वकील व्हायचं सोडून

चार माणसं जमली अन् कुणी विचारलं, "तुम्ही हाच विषय का घेतला हो?" की माझी पोतडी सुटते! मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा बापाला पोरगा वकील हवा असायचा, नाहीतर डॉक्टर. आम्ही अमरावतीला कॉलेजात असताना एका खोलीत चौघं राहायचो, आणि चौघांनीही घरी नाराजी ओढवून घेतली होती.

सुरुवात माझ्यापासूनच. आमचा अंजनगावला पानमळा. मी बॉटनी घेतली. बाबांनी विचारलं, "त्यात काय शिकवते?"

"झाडाची पानं, मुळं, खोड..."

"मंग तिकडं काहून गेला? मळ्यात ये, फुकट शिकवतो!"

*

प्रल्हादनं घरी कळवलं, "फिलॉसॉफी घेतली." पोस्टमास्तरांनी त्याच्या वडिलांना अर्थ सांगितला, "आत्मा, मोक्ष, असं काहीतरी." पोरगा गोसावी होणार म्हणून वडील हादरले. चौथ्या दिवशी खोलीत हजर!

"तुहं लग्न ठरवून आलो!"

*

धामणगावचा माधव कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला डॉक्टर करायचं ठरलेलं. पण बेडूक कापायला घेतला की हा आडवा! त्याला इतिहास हवा होता. वडील चिडून थेट प्रयोगशाळेत आले. "एवढ्याशा बेडकाले भेतं? दाखवा मले!"

प्रोफेसरांनी दाखवला. डोळ्यांवर पाणी मारल्यावर वडील उठून बसले आणि हळूच म्हणाले, "इतिहासच घे बाबू. त्यातले सारे आधीच मेलेले असतात."

*

अकोल्याचा वसंता. वडील कोर्टात कारकून. "वकीलच हो" हा त्यांचा हुकूम, याला संस्कृत शिकायचं. सुट्टीत त्यानं वडिलांपुढे तासभर बाजू मांडली. दाखले दिले, उलट प्रश्न विचारले, वडिलांना निरुत्तर केलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी!

"वा रे पठ्ठ्या! आता तर तू वकीलच होशील!"

*

पण खरी बहाद्दर वसंताची बहीण, कमल. ती घरीच मॅट्रिकचा अभ्यास करत होती. वडील म्हणाले, "गणित सोड, घरकामाचा विषय घे. स्थळ आलं की पुस्तकं बंद!" ती गणितालाच चिकटून बसली.

स्थळ आलं. मुलगा मॅट्रिकला गणितात दोनदा नापास. त्याच्या काकांनी विचारलं, "झुणका येते का?" कमल म्हणाली, "येतो. यांचं गणितात कुठं अडतं, ते विचारू का?"

मुलगा पुटपुटला, "भूमिती."

तिनं रांगोळी घेतली, जमिनीवर त्रिकोण काढला आणि सगळ्यांसमोर प्रमेय समजावून दिलं. मुलाचे डोळे चमकले. कमलचे वडील मात्र मान खाली घालून बसले. स्थळ गेलं, असंच सगळ्यांना वाटलं.

आठ दिवसांनी काका परत आले. होकार घेऊन आले असं समजून वडिलांनी लगबगीनं चहा मागवला.

काका म्हणाले, "लग्नाचं मागून पाहू. पोरगा म्हणते, आधी भूमिती पुरी करायची. पोरीले शिकवणीले पाठवता काय आमच्या घरी?"

कमल दारात उभी होती. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, सावकाश चहा संपवला आणि कपबशी खाली ठेवली.

"पोरगी कुठी जाणार नाही. पोराले इकडं पाठवा. अन् पाटी त्याची त्यानं आणायची!"