मोज्याचं खेळणं

आमच्या कुत्र्याला नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही.

तो आठ महिन्यांचा झाला तेव्हा त्याने पप्पांची ऑफिसची चप्पल फाडली. त्याआधी सोफ्याचा कोपरा आणि गॅसची नळी झाली होती. धुळ्यात आमची कॉलनी सरकारी नोकरदारांची, घरं एकमेकांना चिकटलेली. पप्पा जेवता जेवता म्हणाले, "अजून एक वस्तू गेली की याला पिंपळनेरला सोडून येतो. ऑफिसातल्या शिपायाचं तिथे शेत आहे."

पप्पा बोललेलं करतात. म्हणून मी खेळणी करायला लागले.

जुन्या जीन्सच्या तीन पट्ट्यांची वेणी घातली आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. पाण्याची रिकामी बाटली पायमोज्यात घातली, ती चावली की कडकड वाजायची. टॉवेल ओला करून पिळला, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला, कारण त्याचे दात शिवशिवायचे. मी घरात फारशी बोलत नाही. कॉलेज संपून वर्ष झालं होतं, नोकरी लागली नव्हती, आणि कोणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायची मला सवय झाली होती. खेळणी करताना काही विचारलं जात नसे.

पप्पांना ते पसंत नव्हतं. "घरातले मोजे तूच त्याच्या तोंडात देतेस. त्याला काय कळणार जुना कोणता आणि नवा कोणता?" मी तरी करायचं थांबवलं नाही.

मामांची रावेरकडे केळीची बाग आहे. ते एसटीने केळी पाठवतात तेव्हा घडावरची पांढरी पिशवी तशीच असते. बागेत घडाला ऊन आणि किडे लागू नयेत म्हणून ती घालतात. हाताला अगदी मऊ कापड लागतं. आमच्याकडे ती कधी फेकली जात नाही. आई तिने कुकर पुसते, लोणच्याच्या बरणीला तिचाच दादरा बांधते. ते कापड नसून प्लास्टिकचे धागे दाबून केलेलं असतं, हे आमच्यात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी दोन पिशव्या चुरगाळून पप्पांच्या जुन्या मोज्यात भरल्या आणि तोंड शिवून टाकलं. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं खेळणं ते होतं. तो ते घेऊन झोपायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मोजा फाटलेला दिसला. आतली एक पिशवी होती, दुसरी नव्हती. तो जिन्याखाली पडून होता आणि ओकत होता. मी मोजा आणि उरलेली पिशवी वॉशिंग मशीनच्या मागे सरकवली. हे मी विचार करून केलं नाही. पप्पांचा आवाज अंगणातून आला आणि हात आपोआप तसा गेला.

पप्पांनी त्याला पाहिलं आणि समोरच्या घराकडे पाहिलं.

समोर एक अक्का राहतात. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत आणि कुत्रा भुंकला की दचकून उठतात. अक्का एकदा गेटवर येऊन म्हणाल्या होत्या, "याले एक दिन औषध घालसू मी." त्या वैतागून म्हणाल्या होत्या. पण गल्लीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कापड, दोरा, हाड, काही गिळलंय का?"

"नाही हो, विष घातलंय," पप्पा म्हणाले. "कोणी घातलं तेही माहीत आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इंग्रजीत सांगू शकले असते. अवघड गोष्टी मला त्या भाषेत सोप्या जातात, आणि पप्पांना पटकन कळलंही नसतं. मी मान हलवली. नाही. विषावरची दोन इंजेक्शनं देऊन त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा ओकला. त्यात बोटभर पांढरी चिंधी होती. मी ती उचलली, धुतली आणि खिशात ठेवली. का धुतली ते मला अजून सांगता येत नाही. सकाळी डॉक्टरांना फोन करायचा असं ठरवलं. सकाळी तो पाण्याच्या टाकीजवळ आडवा पडला होता. पोट घट्ट होतं आणि डोळे उघडे.

पप्पा तसेच बनियनवर गल्लीत गेले. "झालं का समाधान? मेला तो," ते अक्कांच्या दारात म्हणाले. अक्का हाताचं पीठ पुसत बाहेर आल्या. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं उभी होती. मी आमच्या दारात होते.

त्यानंतर अक्कांकडच्या शनिवारच्या भजनाला बायका कमी झाल्या. आईने जायचं सोडलं. कोपऱ्यावरच्या काकू आपल्या मांजरीला आत घेऊन दार लावायच्या, अक्का दिसल्या की मुद्दाम. भाजीच्या गाडीपाशी एकजण हसत म्हणाली, "अक्का, आमच्याकडे उंदीर फार झालेत, तुमच्याकडचं औषध द्या की." अक्कांनी मेथी घेतली आणि त्या निघून गेल्या.

मी तेवीस दिवस हे पाहिलं. चोविसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. यजमानांना त्या चमच्याने पेज भरवत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं: मोजा, पिशवी, डॉक्टरांचा प्रश्न. अर्धं इंग्रजीत झालं, मग पुन्हा मराठीत सांगितलं.

त्यांनी यजमानांचं तोंड पुसलं.

"मी काय दिधं नही, हाई माले माहीतच शे पोरी," त्या म्हणाल्या. "माले काय सांगस? तुना बापले सांग."

पप्पा टीव्ही बघत होते. मी चिंधी टीपॉयवर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडले नाहीत.

"त्यांना सांगितलंस?"

"हो."

"आणखी कोणाला?"

"नाही."

त्यांनी शर्ट घातला, वरच्या बटणापर्यंत लावला. चपला घालून गेटपर्यंत गेले. समोर अक्का पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पप्पा कडीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "जाऊ दे. लोक विसरतील आपोआप."

भजनाला बायका अजून कमीच असतात. अक्का रस्त्याने दिसल्या की पप्पा गाडी पुसायला वाकतात.