मोटारीला पाजलेलं पापडाचं पाणी

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पापड होते आणि नेमकी त्याच सकाळी विहिरीवरच्या मोटारीने मान टाकली. आवाज भरपूर, पाणी थेंबभर नाही... त्यात आमच्या पेणजवळच्या कासू गावचं वैशाखातलं ऊन, सकाळीच पाठ भाजायला लागली होती.

आधी आमच्या वाडीतली पापडांची रीत सांगतो. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा पाळ्या लागतात. लाटायला सगळ्याजणी येतात, पण पोह्याचं भिजवलेलं पीठ कुटायचं ते ज्या घरचे पापड त्या घरच्या बाईनेच. तेलाचा हात लावत मुसळाने कुटून कुटून मऊ करायचं. खांदे निखळतात म्हणे... म्हणे, कारण मी तोवर मुसळाला हात लावला नव्हता.

यंदा सगळा घोर तिथेच होता. माघात वालाच्या खळ्यावर पाय घसरला आणि सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण त्या हातावर भार टाकायची हिंमतच होईना... भाकरीचा तवा उतरवायलासुद्धा डावा हात पुढे.

पुण्याची लेक फोनवर म्हणाली, आई, यंदा विकत घे, पेणमध्ये पापडांना काय तोटा? झालं! बाई जी भडकली... "एकदा पाळी सोडली की सुटलीच. मग बसवा मला खाटेवर कायमची!" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

मी पुन्हा विषय काढला नाही. पण मुसळ त्या हाताला झेपेल का, ही धास्ती तिलाही होती आणि मलाही.

तर मोटार. रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये जन्म काढलेला माणूस मी, मला मेकॅनिक कशाला हवा? पाईपच्या जोडातून हवा आत ओढत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, करकचून आवळली, वरून तार पिळली... काम फत्ते.

आता मोटारीला पाणी पाजायचं. म्हणजे चालू करण्याआधी वरून पाणी ओतून तिच्या पोटातली हवा काढायची, नाहीतर ती नुसतीच गुरगुरत बसते. पण घरात पाणी कुठे? होतं नव्हतं ते सकाळीच संपून हंडे पालथे पडलेले.

पडवीत एक मोठं पातेलं दिसलं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. म्हटलं, वा, हिने जपून ठेवलेलं दिसतंय. उचललं आणि घळाघळा ओतलं... हिंगाचा वास आला, नाही असं नाही. मला वाटलं, आत आमटीला फोडणी बसली असेल.

बटण दाबलं आणि काय सांगू, पाईपातून ही जाड धार! मी एकटाच टाळ्या पिटतोय, तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "अहो, माझं खाराचं पाणी कुठंय?"

पापडखार, मीठ, हिंग घालून उकळून, गाळून निवत ठेवलेलं पाणी ते. त्यातच पीठ भिजवायचं. आणि बाया पोळपाट-लाटणी घेऊन अंगणात येऊन ठेपलेल्या... मी गुपचूप मोटारीकडे बोट दाखवलं. पुढे माझा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

शेजारच्या मथीकाकू वाडीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्या ओट्यावर बसून पोट धरधरून हसत होत्या. "काय गो बाय, नवऱ्यान तुज्या मोटारीला पापड खायाला घातलान!"

मग हसू आवरून म्हणाल्या, "आता परत उकळा, परत निववा. ह्याच्यापायी उशीर व्हनार, मग पीठ पन ह्यालाच कुटू दे. दे गो मुसळ त्याच्या हातात!" बोलत माझ्याबद्दल होत्या, पण नजर सुनंदाच्या मनगटावर होती.

बायांनी एकच कल्ला केला. सुनंदाच्या चेहऱ्यावर राग तसाच होता, पण तिचे खांदे एकदम सैल पडले... हात दुखेल, तू राहू दे, असं कुणीही म्हणालं नाही. शिक्षा मला झाली आणि पाळी तिचीच राहिली.

मग कुटलं बाबा! घाम डोळ्यांत, तेल कोपरापर्यंत, आणि चारी बाजूंनी हुकूम... "वाकून!", "जोर लाव की, जेवला नाय काय?" कंपनीत शिफ्टवर शिफ्ट केल्या, पण असा सुपरवायझर नशिबी आला नव्हता.

सुनंदाचा पहिला पापड वाकडा झाला. दुसरा जरा बरा... मग तिने मान वर केलीच नाही. उन्हं उतरेपर्यंत अंगणभर जुन्या साड्यांवर पापड पसरले होते आणि ती सगळ्यांना चहा देत फिरत होती.

संध्याकाळी माझा हात खांद्याच्या वर जाईना. सुनंदा तेलाची वाटी घेऊन शेजारी बसली आणि उजव्या हाताने माझा दंड असा काही आवळला की मी "आई गं!" करून ओरडलोच.

ती दचकली. आपल्याच हाताकडे बघत राहिली... मग पुन्हा दाबलं, आधीपेक्षा जोरात.

"दुखतंय?"

"अगं, जीव जातोय!"

"खरंच?" म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली... मी तरी कुठला कोरडा राहतोय. अजून काळानिळा आहे दंड. पण देवाशपथ सांगतो, दुखण्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.