अहो, गुडघा!

आमच्या ह्यांनी आयुष्यात टाकलेली एकही बास्केट मी पाहिलेली नाही.

बाकी सगळ्या ग्वाल्हेरनं पाहिली आहे! हे एकेकाळी राज्याच्या बास्केटबॉल संघात सेंटर होते. उंची अशी, की प्रत्येक दारात वाकावं लागतं. रिंगखाली हे उभे राहिले की खोऱ्यानं पॉइंट, असं म्हणतात. पण आमचं लग्न ठरलं तोवर गुडघा गेला आणि खेळही. माझ्या वाट्याला आले ते स्टुलाशिवाय पंखा पुसणारे गृहस्थ. (सोय आहे, तक्रार नाही.)

मी टोपी बाजारात गेले की कापडवाले गुप्ताजी कात्री खाली ठेवून डोळे मिटतात. "भाभीजी, सुधाकरभाई के हाथ में बॉल आई, मतलब समझो गई अंदर! क्या हवा में रुकते थे!" मी ब्लाउजपीस धरून उभी. माझा नवरा हवेत थांबायचा, आणि ते पाहिलं गुप्ताजींनी! अशा वेळी मला त्या माणसाचा फार राग येतो.

म्हणून यंदा जुन्या खेळाडूंची नव्या पोरांशी मॅच ठरली, तेव्हा मी नाचायचीच बाकी राहिले. हे म्हणाले, "छे! डॉक्टर काय म्हणालेत, माहिती आहे ना?"

"डॉक्टरला काय कळतंय!" असं मी म्हटलं. (मी! रोज त्याच गुडघ्याला तेल चोळणारी!)

जुनी जर्सी पोटावर येईना. मी दोन्ही बाजूंना निळ्या पट्ट्या जोडल्या. उन्हात त्या चक्क जांभळ्या निघाल्या. आमची कॉलेजातली रेवा म्हणाली, "आई, बाबा तंबू दिसताहेत यार! मैं वहाँ नहीं बैठूँगी." बसली मात्र माझ्याच शेजारी. मागे गुप्ताजी, हातात समोसा.

मॅचभर हे धापा टाकत एकाच जागी. पोरं खांबाला घालावा तसा वळसा घालून पळत होती. शेवटी जुनी मंडळी एका पॉइंटनं मागे, आणि बॉल आला थेट ह्यांच्या हातात. रिंगच्या खाली!

"बस, गई अंदर!" गुप्ताजी ओरडले.

ह्यांनी उडी घेतली. खरंच टाचा जमिनीवरून सुटल्या! पट्ट्या, पोट, सगळं विसरले मी. तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या आधीचा, कुणी उमदा पोरगा, फक्त त्या रिंगकडे बघणारा. इतका देखणा, की माझा श्वासच अडकला. आणि सुटला तो हाकेसकट,

"अहो, गुडघा!"

ह्यांनी हवेतच मान वळवली. "काय गं?"

बॉल फळीच्या कोपऱ्यावर आपटला आणि थेट गुप्ताजींच्या समोशावर! शिट्टी वाजली. मॅच संपली.

"भाभीजी, ये क्या कर दिया!"

"आई, यार!" रेवानं ओढणीत तोंड लपवलं.

मैदान रिकामं झाल्यावर मी भीत भीत ह्यांच्याजवळ गेले. "रागावलात?"

"नाही गं. पूर्वी अख्खं मैदान ओरडायचं, तरी कधी वळून बघितलं नाही. आज तुझी हाक आली, आणि वळलोच."

मी विरघळले. "खरंच?"

"मग! वाटलं, गॅस बंद करायचा राहिला."

मी बॉल पुढे केला. "एकदाच टाका ना. आता कुणी नाही. मी हूं की चूं करणार नाही."

ह्यांनी बॉल घेतला. रिंगकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग पाय उचलला आणि कळवळून माझा खांदा धरला. "तुझंच बरोबर होतं गं."

हे वाक्य ऐकायला लग्नापासून तरसले होते मी. ऐकलं तेव्हा एवढा मोठा सेंटर खांद्यावर घेऊन मीच रिक्षा शोधत होते!