गोश्ताच्या कारखान्यातून आणलेल्या मेंढ्या

लढाईच्या दिवसांत हिंगोली स्टेशनच्या पलीकडं, माळावर, गोश्ताचा कारखाना निघाला. पलटणीला वाळवलेलं मटण पुरवायचा ठेका कुण्या हैदराबादच्या ठेकेदारानं घेतला होता. आम्ही धनगर, नरसीच्या बाजूचे. सुरुवातीला आम्हाला त्याचं काही वाईट वाटलं नाही. जनावर विकणं आम्हालाही नवं नव्हतं.

पण आमचं विकणं वेगळं होतं. पीक निघालं की पुसेगावच्या शिवारातले शेतकरी आमच्या मेंढ्या वावरात बसवून घेत. लेंड्या-मूत मातीत मुरायचं आणि त्याच्या बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची. लोकर घोंगड्यांना जायची. नर वाढला की बाजाराच्या दिवशी एखादा विकायचा. तो कापायचा आमच्या गावचा मुलाणी. कोणी मादी आणली तर सुरी काढण्याआधी तो तिच्या पोटाखाली हात घालून बघायचा. गाभण लागली तर म्हणायचा, "भाऊ, हिला घरी ने," आणि दुसऱ्या कोणाचं बघायला जायचा. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, हाही त्याचा नियम. संध्याकाळपर्यंत त्या मेंढ्यातलं काही उरत नसे. कातडं चांभाराकडं, आतडी मुलाण्याच्या बायकोकडं, हाडं कुत्र्यांना.

कारखाना निघाल्यावर ठेकेदाराची माणसं गावोगाव फिरू लागली. नर संपले तशी त्यांनी माद्या मागायला सुरुवात केली. माझे मालक, नवऱ्याचं नाव मी घेत नाही, म्हणाले, "मेंढी देली तं पुढल्या साली मी राखू काय?"

ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "पुढलं साल कोणी पाह्यलं? पलटणीला गोश्त आज पाह्यजे."

"मंग दुसरीकडं पाहा. माद्या मी देत न्हाई."

मुकादम हसला आणि गेला. आसपासच्या कळपांतून मेंढ्या मात्र कमी होत गेल्या. काहींनी विकल्या, काहींच्या चोरीला गेल्या. बाजारात कापायला जनावर येईना, तेव्हा मुलाणीही पोट भरायला कारखान्यात कामाला लागला.

त्या हिवाळ्यात आमचा मुक्काम कयाधूच्या काठी एका शेतकऱ्याच्या वावरात होता. दुपारी मी भाकरी घेऊन नदीकडं निघाले तर आधी आमचा कुत्रा दिसला. त्याचं डोकं कुऱ्हाडीनं फोडलं होतं आणि मागचे पाय अजून हलत होते. थोडं पुढं माझे मालक बाभळीला टेकून बसलेले. उजव्या हाताचं हाड कोपराखाली कातडं फाडून बाहेर आलं होतं. तोंडातून रक्त गळत होतं आणि दोन दात त्यांनी डाव्या मुठीत धरून ठेवले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"मुकादमाची माणसं व्हती," ते म्हणाले. "सगळ्या नेल्या. हिंगोलीच्या वाटंनं."

मी शेतकऱ्याला हाक मारली. तो आणि त्याची म्हातारी आई धावत आले. म्हातारीनं हाड आत बसवलं तेव्हा मालक बेशुद्ध झाले. शेतकरी बांबूच्या कामट्या बांधत मला म्हणाला, "तू काहून उभी राहिलीस? चौकीत जा."

चौकीत जाऊन काय होतं ते मला माहीत होतं. मी मालकांची आकडी उचलली. झाडाच्या फांद्या तोडायला लांब काठीच्या टोकाला विळा बांधलेला असतो, ती. आणि हिंगोलीची वाट धरली.

कारखाना दिसायच्या आधी त्याचा वास आला. माळावर गिधाडं इतकी बसली होती की त्यांना उडायचा कंटाळा आला होता. कुंपणाच्या बाहेर आतडी आणि पोटातल्या न जन्मलेल्या कोकरांचा ढीग पडला होता. ओली, बंद डोळ्यांची कोकरं. कारखान्यात त्यांना काही किंमत नव्हती, म्हणून फेकून दिली होती. आत तारांवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या, पार दूरपर्यंत. एका बाजूला जनावरं मागच्या पायाला दोर बांधून उलटी टांगलेली. गळा चिरला की माणूस पुढं सरकायचा, मागचा माणूस लगेच कातडं ओढू लागायचा. त्यातल्या काही मेंढ्या तेव्हाही पाय झाडत होत्या. पलीकडच्या काटेरी कोंडवाड्यातली जनावरं हे सगळं बघत उभी होती. ओरडत नव्हती. मेंढी फार भेली की आवाज करत नाही.

त्या कोंडवाड्यात आमच्या मेंढ्या होत्या. सगळ्या नव्हत्या. उरलेल्या तारांवर असाव्यात.

मुकादम फाटकाशी उभा होता. मी म्हणाले, "या माझ्या मेंढ्या हायेत. कानाला आमची खूण हाय."

"खूण सगळेच धनगर करतेत. जा घरी."

मी रोज देते तशी हाक दिली. कोंडवाड्यात आमच्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्या मिळून काट्यांवर येऊन आदळल्या. पुढं आमची म्हातारी मेंढी होती, कळप जिच्या मागं चालतो ती. तिच्या तोंडात काटे घुसले तरी ती ढकलत राहिली. काम करणारी माणसं थांबून बघू लागली. मुकादमानं लोखंडी पहार उचलली आणि तिच्या कपाळावर घातली. ती जागीच बसली.

मी आकडी फिरवली. विळा त्याच्या खांद्यात रुतला आणि काठी माझ्या हातातून निसटली. कोणीतरी माझे केस धरून मला खाली पाडलं. छातीवर लाथ बसली, तोंडात रक्ताचा चिखल गेला. तो रक्ताचा चिखल कोणाचा ते मला कळलं नाही, माझा की मेंढ्यांचा.

मला दिसला तो मुलाणी. गुडघ्यापर्यंत लाल झालेला. त्यानं हातातल्या सुरीनं कोंडवाड्याच्या फाटकाचा दोर कापला. एवढंच केलं. पण आतली सगळी जनावरं, आमची आणि इतरांची, एकदम बाहेर सुटली. माझे केस धरणारा माणूस त्या ओल्या जमिनीवर घसरला आणि मेंढ्या त्याच्या अंगावरून गेल्या. तारा तुटल्या, वाळलेलं मांस चिखलात पडलं. खांद्यातून रक्त गळत असताना मुकादमानं एकाची कुऱ्हाड हिसकावली आणि मुलाण्यावर मारली. मुलाण्यानं हात आडवा धरला. त्याची दोन बोटं गेली.

"वैनी, पळ," तो म्हणाला. आवाज चढवलाही नाही त्यानं.

आम्ही दोघं मेंढ्यांबरोबर स्टेशन रोडवर आलो. मागून काठ्या घेऊन माणसं आली. रस्त्यावर कातड्याच्या वखारी होत्या. तिथले एक म्हातारे मुसलमान व्यापारी वखारीतून उतरून मध्ये उभे राहिले. "औरत के जानवर हैं, जाने दो," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मागं हमाल येऊन उभे राहिले. ती माणसं परत गेली. व्यापाऱ्यानं मुलाण्याच्या हातावर आपल्या डोक्याचा रुमाल बांधला.

वाटेत कयाधूच्या वाळूत धावपळीनं तीन-चार मेंढ्या गाभडल्या, दिवस भरायच्या आधीच कोकरं पडली. मी थांबून त्यांना उठवत होते आणि मुलाणी डाव्या हातानं वाळू उकरून कोकरं पुरत होता. आमच्या कळपातला अर्धाही माल परत आला नव्हता.

मालक शुद्धीवर आले तेव्हा माझ्यावर चिडले. "तुला मारलं असतं तं?" असं विचारत राहिले. मी म्हणाले, "मारलं न्हाई ना." मग ते तोंड फिरवून रडले. माझ्यासाठी की मेंढ्यांसाठी, मी विचारलं नाही.

मुकादमाला कोणी काही केलं नाही. आमची तक्रारही कोणी घेतली नाही. लढाई संपली, पलटणीची मागणी संपली, आणि कारखाना एका पावसाळ्यात ओस पडला. तोवर आसपासच्या गावांत मेंढी इतकी दुर्मीळ झाली होती की शेतकरी आमच्याकडं येऊन विचारायचे, "आमच्या वावरात कवा बसवता?" आम्ही माद्या जपून वाढवल्या. पहिल्या वर्षी एकही जनावर विकलं नाही, ज्वारीच्या कण्यांवर दिवस काढले. मुलाण्याला आम्ही दोन शेळ्या घेऊन दिल्या. तो डाव्या हातानं सुरी धरायला शिकला, पण फार कमी वेळा धरली.

मालकांचा हात सरळ झालाच नाही. त्यामुळं मेंढ्यांमागं मी चालू लागले आणि ते स्वयंपाकाचं बघू लागले. पुसेगावच्या लोकांना आधी हसू यायचं. नंतर पेरणीआधी ते थेट माझ्याशीच ज्वारीचा भाव ठरवू लागले, आणि भाकरी कोणी भाजली ते विचारायचं त्यांनी सोडून दिलं.