आमची टीम बल्लारपूरला गेली

माझा नवरा कबड्डी बरी खेळत नसे. हे मी आता म्हातारपणी म्हणत नाही, लग्न ठरलं तेव्हाच आईला म्हटलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत मी त्याला खेळताना पाहिलं होतं. तो डाव्या कोपऱ्यात उभा राही. चढाईवाला जवळ आला की आधी मागे सरके, मग विचार करी, मग पुढे धावे. तोवर तो गडी मधली रेघ ओलांडून आपल्या घरी पोचलेला असे. आई म्हणाली, "तुले संसार करा लागते का कबड्डी?" मी लग्नाला हो म्हटलं. माणूस चांगला होता, आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत, कामाला होता, आणि मला आवडला होता. खोटं कशाला बोलू? लोकांसमोर जन्मभर त्याला अहो-जाहो केलं, इथे लिहिताना तेवढी मोकळीक घेते.

मला खेळ कळे तो भावामुळे. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई सुरू होते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुपारी कबड्डी आणि रात्री दंडारीचं नाच-नाटक. कबड्डीला सगळे यायचे ते माझ्या थोरल्या भावाला पाहायला. तो चढाईला निघाला की म्हाताऱ्या बायासुद्धा बोलणं थांबवून त्याच्यासोबत श्वास धरायच्या. त्याचा दम कोणी तोडला नव्हता. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून त्याचे पाय बघत असे, तोंड नाही. चढाईवाला कुठे जाणार ते पाय आधी सांगतात, हे मला दहा वर्षांची असतानाच कळलं होतं.

माझं सासर आरमोरीपासून दोन कोसांवर, माहेरापासून तर हाकेच्या अंतरावर. गावात एका शेठची आरामशीन होती. जंगलातून सागाचे ओंडके यायचे, चिरून बाहेर जायचे. शेठला कबड्डीचं वेड. त्यानं सात खेळणारे बघून कामावर घेतले, त्यांना हिरवी बनियनं शिवून दिली, मशीनच्या मागचं मैदान साफ करून त्यावर लाकडाचा भुसा टाकला. सामन्याच्या दिवशी सातही जणांना दुपारीच सुटी. हे सारं ठीक, पण टीम हरायची. मी सासरी आले त्याच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन वर्षं, सलग हरली. बाजूच्या गावची पोरं आमच्या माणसांना बाजारात विचारायची, "काऊन भाऊ, आज कोणाले जितवून आले?"

तरी गावाचा जीव त्याच टीममध्ये होता. जिंकणाऱ्याला कोणीही आपलं म्हणतं. आमच्याकडे एक म्हातारे ढिवरबाबा होते. तलावातली मासोळी सकाळीच विकून टाकायचे आणि टीमसाठी पाण्याचा मटका खांद्यावर घेऊन पाच-पाच कोस चालायचे. हरून परत येताना सगळे मुके असायचे, आणि हे एकटेच पुढच्या सामन्यात कोणाला कुठं उभं करावं ते सांगत चालायचे. मी त्यांच्याशी वाद घालायची. सून असून म्हाताऱ्याशी वाद घालते म्हणून सासूनं कितीदा टोचलं, पण डाव्या कोपऱ्याबद्दल गप्प बसणं मला जमत नसे. तो कोपरा माझ्याच घरचा होता ना.

मग शेठ मशीन विकणार अशी बातमी आली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली तशी मालगुजारांची जंगलं सरकारकडे गेली. आता लाकूड लिलावात घ्यावं लागे, आणि मोठ्या ठेकेदारांपुढे आमच्या शेठचं काही चालेना. घेणारा बल्लारपूरचा होता. तिकडे त्याची याहून मोठी मशीन होती.

त्या पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असतानाही गावात दुसरं बोलणं नव्हतं. बांधीत चिखलात उभ्या बायासुद्धा तेच बोलत. एक म्हणे, नवा शेठ मैदानावर ओंडके रचणार. दुसरी म्हणे, त्याला खेळ म्हणजे रिकामधंदा वाटतो, तो सात जणांना आधी काढणार, कारण ते लाकडासाठी नाही, कबड्डीसाठी घेतलेले आहेत. हे मात्र मला खरं वाटलं. माझ्या नवऱ्याला दुसरं काय येत होतं? शेत नव्हतं. ढिवरबाबा तर आजारी माणसासारखे दिसू लागले. मला म्हणाले, "बाई, टीम गेली तं मी मंडईत कायले जाऊ? चिवडा खाले?"

दसऱ्याला मशीनचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी सांगितलं की नवा शेठ आमच्या मंडईला येणार, सामना पाहणार, आणि टीमचं काय करायचं ते मग ठरवणार. सामना माझ्या माहेरच्या टीमशी होता. म्हणजे माझ्या भावाशी.

गाव हादरलं. हरणाऱ्या टीमला कोण ठेवेल? ढिवरबाबांनी देवाला कोंबडा कबूल केला. नवरा रोज कामावरून आल्यावर मैदानात पळायचा. मी बघायची आणि मनात म्हणायची, पळून काय होणार, माझ्या भावाला पकडायचं कसं ते तुला या जन्मात येणार नाही.

पुढचं मला कोणी शिकवलं नाही. माझ्याच डोक्यातून निघालं.

भाऊबीजेला भाऊ आला. नवरा मशीनवर होता, सासू धान कापायला गेली होती. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं लुगडं काढून ताटात ठेवलं. मी ते उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

"मले लुगडं नको. दुसरं पाह्यजे."

"सांग नं बाई."

"परवा तुमची टीम हरली पाह्यजे."

तो हसला. मी हसत नाही असं पाहून थांबला. "तुले समजून राह्यलं का तू काय बोलून राह्यली?"

"समजून राह्यलं. नवा शेठ पाहाले येते. आमची टीम हरली तं मोडते, अन् माहा नवरा, तुहा भाटवा, घरी बसते."

"माहा दम आजवर कोणी तोडला नाई."

"म्हून तं तुह्यापाशी मांगून राह्यली. दुसऱ्यापाशी मांगाले आहे काय?"

त्यानं निरांजनाची वात बोटानं सारखी केली. बहिणीला ओवाळणीत नाही म्हणायचं नसतं, हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तो दिवस निवडला होता. शेवटी म्हणाला, "भाटव्याले सांगशील?"

"नाई."

"कधीच?"

"कधीच नाई."

लुगडं तो तिथंच ठेवून गेला.

मंडईच्या दिवशी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या शेठला मधोमध खुर्ची दिली होती. भाऊ खेळत होता, पण राखून. दोन चढायांत नुसता हात हलवून परत गेला. त्याच्या बाजूचे त्याला हाका मारू लागले. सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई त्याची होती, आमच्याकडे तीन गडी उरले होते, त्यात डाव्या कोपऱ्यात माझा नवरा.

मी पाय बघत होते. भाऊ सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेला. उजवा पाय पुढे टाकला आणि तिथंच ठेवला. एवढा वेळ तो पाय कधी ठेवत नसे, मुंगीसुद्धा चढली असती. माझ्या नवऱ्यानं आधी मागे सरकून घेतलं, मग विचार केला, मग झडप घातली आणि घोटा धरला. भाऊ पडला. धडपडला, अगदी खऱ्यासारखा. हात लांब करून रेघेच्या वीतभर अलीकडे आणला आणि दम सोडून दिला.

गावानं माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेतलं. ढिवरबाबा रडत होते. मीही रडले, लोकांना वाटलं आनंदानं. माझ्या माहेरची माणसं न जेवता निघून गेली. जाताना त्यांच्यातला एक जण भावाच्या पायाजवळ थुंकला. ते मी पाहिलं, आणि भावानं पाहिलं मी पाहिलं ते.

नवा शेठ खुर्चीतून उठून आला. नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ऐसा आदमी यहाँ जंगल में क्या कर रहा है?" मग दिवाणजींकडे वळला. "सातों को बल्लारपूर भेजो."

आधी कोणाला कळलंच नाही. ज्यांना कळलं त्यांनी नवऱ्याला हळूच खाली उतरवलं.

दिवाणजींनी आठवड्यानं मला उरलेलं सांगितलं, सहज, गेटवर उभे असताना. शेठ आधीच म्हणाले होते, टीम वाईट असली तर राहू द्या इथंच, मशीन तर चालवायचीच आहे, रविवारी खेळतील बिचारे. चांगली निघाली तर मात्र बल्लारपूरला घेऊ, तिकडे जंगलखात्याचे साहेब सामने बघतात. म्हणजे हरलो असतो तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. करायला गेले गणपती आणि झालं माकड. मी दिवाणजींना विचारलं, हे आधी काऊन नाही सांगितलं? ते म्हणाले, "तुमची टीम जितंल असं वाटलं कोणाले होतं?"

लाकडाच्याच ट्रकवर बसून आम्ही मूल गावावरून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, आणि तिथून बल्लारपूरला गेलो. ट्रक सुटताना ढिवरबाबा आले नाहीत. नंतर कळलं, त्यांनी मंडईला जाणं सोडून दिलं. भावानं त्या मंडईनंतर मैदानात पाय ठेवला नाही. त्याच्या गावानं ठेवू दिला नाही, आणि त्यानंही कधी मागितलं नाही.

बल्लारपूरला रेल्वेच्या रुळांजवळ फळ्यांच्या खोलीत राहायला लागलो. बाहेर कोळशाचा धूर, आत मी आणि नवरा. तो मात्र बदलून गेला होता. ताठ चालायचा. जेवताना मला पकड समजावून सांगायचा, मला! "घोट्यावर नजर ठेवा लागते," म्हणायचा, "बाकी काई नाई." मी भाकर वाढत हो हो म्हणायची. त्याला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडातून एक शब्द काढला असता तर ते सुख गेलं असतं, आणि मला ते जायला नको होतं. भावाला दिलेला शब्द होता, हे खरं. पण गप्प राहणं मला सोपं पडत होतं, हेही खरं.

पहिला सामना कोळसा खाणीतल्या माणसांशी झाला. त्यांचा चढाईवाला म्हणजे नुसता दगड. दोन्ही बाजूंनी सगळे ओरडत होते, एकट्यानं जाऊ नको, साखळी धर, थांब. माझा नवरा थांबला नाही. आधी मागे सरकला नाही, विचारही केला नाही. त्या पहाडाएवढ्या माणसाच्या घोट्यावर त्यानं एकट्यानं उडी घेतली. त्या गड्यानं पाय झटकला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावरूनच पुढे गेला. हाड मोडल्याचा तो आवाज मला बायांच्या गर्दीत ऐकू आला.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण पाय वाकणार नाही. आमची टीम तो सामना हरली, पुढचे तीनही हरली. शेठनं टीम मोडली. सहा जणांना कामावर ठेवलं, कुठे कुठे वाटून. आमच्या गावाला टीम ना परत मिळाली, ना नवी झाली. मैदानावर खरंच ओंडके रचले म्हणे.

दवाखान्यात मी त्याला एकदाच विचारलं, "एकट्यानं काऊन गेले तुम्ही?"

तो म्हणाला, "अवं, तुह्या भावाले धरला मी. मंग याले काऊन नाई धरता येणार?"

तेव्हा सांगून टाकावं असं वाटलं. खरंच वाटलं, ओठांपर्यंत आलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, तोही आमच्याच बाजूचा, मंडया पाहिलेला. त्यानं माझा भाऊ कोण ते विचारून घेतलं आणि हसू लागला. म्हणाला, "त्याले धरला? थापा नको मारू बापू. त्याले कोणी धरलं नाई."

नवऱ्याचं तोंड एकदम लहान झालं. उशीवरून मान उचलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू होती नं तिथं. सांग याले."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. डावा कोपरा होता, उजवा पाय पुढे आला होता, यांनी घोटा धरला, रेघ वीतभर राहिली आणि दम तुटला. त्या खोलीतले सगळे ऐकत होते, म्हणून मी जरा मोठ्यानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "अस्सं?" आणि माझ्या नवऱ्याकडे आदरानं बघू लागला. नवऱ्यानं डोकं पुन्हा उशीवर ठेवलं, डोळे मिटले, आणि म्हणाला, "अजून एकदा सांग."