सोजरबाईचा गडू

रिसोडच्या मोटार अड्ड्यावर सोजरबाई गाड्यांत पाणी भरायची. तिचा नवरा जगदेव तिथंच क्लीनर होता. मेडशीजवळ प्यायलेल्या ड्रायव्हरनं गाडी नाल्यात घातली आणि जगदेव जागीच गेला. गाडीमालक बाबूलालशेठ भेटायला आले, तेव्हा तिनं एकच मागितलं.

"शेठ, हरेक गाडीचं हँडल माह्यापाशी राहू द्या. ड्रायव्हर प्याला नाही हे पाह्यल्याबिगर मी ते देनार नाही."

तेव्हा हँडल फिरवल्याशिवाय मोटार सुरूच होत नसे. शेठ हो म्हणाले.

ड्रायव्हर वास लपवायला विलायची चघळून यायचे, पान खाऊन यायचे. मग सोजरबाईनं अरुंद गळ्याचा पितळी गडू आणला. त्यात फुंकायला लावायची, वर तळहात दाबून धरायची आणि क्षणभरानं हुंगायची. तिचं नाक कधी चुकलं नाही.

एकोणचाळीस साली रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची गाडी खच्चून भरली होती. भाऊसिंग अड्ड्यावरचा सगळ्यात तरबेज ड्रायव्हर. त्यानं फुंकलं आणि सोजरबाईनं हँडल पदराआड घेतलं.

"काहून अडवून राह्यली?" शेठ धावत आले. "लोक खोळंबले!"

"तुमीच हुंगा."

शेठनी हुंगलं. चेहरा उतरला, तरी म्हणाले, "थोडीशीच हाय. रस्ता त्याच्या पायाखालचा हाय."

"मंग शेठानीले बसवा पुढच्या सीटवर. आत्ता देतो हँडल."

हे बोलणं आतपर्यंत ऐकू गेलं. गाडीतली प्रयागबाई नातवाला कडेवर घेऊन खाली उतरली. तिच्यामागून एकेक करत सगळी गाडी रिकामी झाली. भाऊसिंग टोपी आपटून निघून गेला. वाशीमची खेप करून आलेल्या दौलतसिंगानं गडूत फुंकलं, हँडल घेतलं, आणि दुपारी गाडी निघाली. एकानंही उशिराची तक्रार केली नाही.

चौथ्या दिवशी भाऊसिंग आला. गडू उचलून त्यानं स्वतःच त्यात फुंकलं. तिनं हुंगलं.

"चांगलं हाय भाऊ," सोजरबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

पुढं वाशीमहून एक पोलीस जमादार मुद्दाम मोटारसायकलवर हा गडू बघायला आला. सोजरबाईनं आधी त्यालाच फुंकायला लावलं. अख्खा अड्डा श्वास रोखून बघत होता. तिनं सावकाश हुंगलं.

"जा जमादारसाहेब," ती म्हणाली, "तुमची गाडी चालू द्या."