शून्यावर अडलेला काटा

रॉकेलने भिजलेल्या चिंधीचा वास आला की धरमपेठेतलं आमचं अंगण आठवतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नवऱ्याच्या मोटरसायकलच्या वेगाच्या मीटरचा काटा आठवडाभर शून्यावरच होता आणि दुसऱ्या दिवशी नरखेडला, माझ्या माहेरी जायचं होतं. माझा भाऊ त्याच रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, म्हणून नवऱ्याच्या मागे बसले की मी त्यांच्या खांद्यावरून काट्याकडेच बघायची. "मीटर सुरू झाल्याशिवाय मी बसणार नाही," मी सांगून टाकलं. त्यांनी चाकाजवळची केबल काढली, पुसली, आतली तार बोटांनी फिरवली, तर वर काटा थरथरत उठला. "मीटर चांगलं आहे, तारही शाबूत आहे, मग बिघडलं काय?" मी येरझारा घालत विचारलं. त्यांनी चिंधीला हात पुसले. "केबलचा नट मीच ढिला करून ठेवला होता वं," ते म्हणाले. "काट्याकडं पाहून तू थरथर कापून राहतेस, ते मले पाठीवर समजते." मला रागही आला, रडूही आलं. त्यांनी नट घट्ट आवळला. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या कळमेश्वरपर्यंत ते समोर बघतच विचारत होते, "कितीवर आहे?" आणि मी सांगत होते, "तीस. पस्तीस. हळू, चाळीस झाले." धास्ती तेव्हा गेली नाही, अजूनही गेलेली नाही, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवत होते.